लाल शाईतला गोऱ्हा

संपादकांनी शिक्षकी पेशातले गमतीचे अनुभव लिहून मागितले आहेत. तसे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की मन एकाच प्रसंगापाशी जाऊन अडतं, आणि त्यात गंमत फारशी नाही. आष्टी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवायचो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. लोकांना वाटतं, या भागात मास्तरला भीती वाटत असेल ती परीक्षेच्या दिवसांत खिडकीखाली जमणाऱ्या नातेवाइकांची. ती वाटायचीच. पण खरीखुरी भीती मला नोकरीत एकदाच वाटली, आणि ती एका मुलीनं लिहिलेल्या दहा-बारा ओळींमुळं.

आधी रूपककथा शिकवायची कशी, ते सांगतो. पाठ्यपुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहिली की मुलं ती उतरवून घेतात आणि घरी जातात. त्यातून काही होत नाही. मी व्याख्या शेवटी द्यायचो. आधी एक लहानशी गोष्ट सांगायचो. एका रिकाम्या घराला कुलूप होतं. आत काहीच नव्हतं, तरी कुलपाला वाटायचं, आपण खजिना राखतोय. मग मी विचारायचो, हे कुलूप कोण? पहिलं उत्तर दर वर्षी ठरलेलं: "सर, आमच्या शेजारी बी असंच घर हाय, त्याचे मालक पुण्याला असत्यात." मी थांबून राहायचो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं, "सर, कुलूप म्हंजी आमच्या गल्लीतले रिटायर जमादार." वर्ग हसायचा. ते हसू आलं की मी खडू हातात घ्यायचो. त्यांना गोष्टीच्या आतली गोष्ट दिसली, असा त्याचा अर्थ.

आणखी एक सूचना मी दर वर्षी द्यायचो. गोष्टीत एखादी वस्तू किंवा एखादं जनावर जगाच्या रीतीविरुद्ध वागताना दिसलं तर तिथं थांबा. लिहिणाऱ्याची चूक झाली असं समजून पुढं जाऊ नका. बहुतेक वेळा त्यानं तिथंच खूण ठेवलेली असते. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. अकरावीच्या वर्गात शीतल नावाची मुलगी होती. गावापासून चार किलोमीटरवर डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथून ती चालत यायची. आईवडील दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. तेवढे महिने ती चुलतीकडं असायची. वर्गात बोलायची नाही. पण वहीत लिहिलेलं वाचलं की वाटायचं, हिला उगाच शब्द वापरायची सवय नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं, प्रत्येकानं एक रूपककथा लिहून आणा, चांगली असेल ती भित्तिपत्रकात लावू. आमचं भित्तिपत्रक म्हणजे ऑफिसच्या बाहेरची काचेची पेटी. बहुतेकांनी वाघ-सिंह आणले. शीतलची गोष्ट वेगळी होती. काही ठिकाणी लाल शाईनं दुरुस्त्या करून मी ती दुसऱ्या मुलीच्या सुंदर अक्षरात उतरवून घेतली आणि काचेत लावली. ती अशी होती:

"एका मालकाकडं बैलांची जोडी होती. त्यातला एक बैल मेला. काम तोंडावर आलं होतं. मालकानं एक गोऱ्हा आणला आणि जुवाला लावला. गोऱ्ह्याची मान जुवात बसेना, म्हणून जुवाला चिंध्या गुंडाळल्या. खांद्याला हळद लावली. शिंगं अजून फुटली नव्हती, तिथं नुसताच रंग दिला. वाजंत्री लावली. गाव बघायला आलं. सगळे म्हणाले, काय नशिबाचं जनावर, एवढ्या लवकर मान मिळाला. गोऱ्हा काहीतरी म्हणाला. पण वाजंत्री चालू होती, कुणाला ऐकू गेलं नाही."

मी खाली लाल शाईत लिहिलं, 'उत्तम'. वर्गात वाचूनही दाखवली. कुणी हसलं नाही. मला वाटलं, पोरांना कळली नसेल.

पोरांना कळायच्या आधी ती गावाला कळली, निदान गावाला तसं वाटलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब. तालुक्याच्या राजकारणातलं मोठं नाव. राजकारण ते आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून बघायचे. भाऊ आदल्या वर्षी वारले आणि तात्यासाहेबांनी आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला निवडणुकीला उभं करायचं ठरवलं. चौकात त्याचे फलक लागले होते, गळ्यात हार, कपाळाला गंध, ओठांवर नुकतीच मिसरूड. कुणीतरी काचेतल्या गोष्टीचा फोटो काढला आणि खाली 'तात्यांचं गोऱ्हं' असं लिहून मोबाईलवर फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानाच्या टपरीवर उभा होतो तर दोघं माझ्याकडं बघून हसले. एकजण म्हणाला, "सर, लई भारी हाणलंत तात्याला!" पान न घेताच मी निघालो.

ऑफिसात येऊन मी आधी ती गोष्ट काचेतून काढली. पण तिला आता काचेची गरज राहिली नव्हती. अकराच्या सुमारास शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, "सर, तात्यांनी बोलवलंय. त्या पोरीला बी घिऊन या म्हनले."

संस्थेचं कार्यालय रस्त्याच्या पलीकडं, चालत दोन मिनिटांवर. त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. शीतल मागून येत होती, आणि मी विचार करत होतो तो माझ्या निवृत्तीच्या कागदांचा. संस्थेच्या सहीशिवाय ते पुढं सरकत नाहीत.

तात्यासाहेब खुर्चीत बसले होते. भिंतीला टेकून पाच-सहा कार्यकर्ते उभे. मला समोरची खुर्ची दिली. शीतल दाराशी उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं नाही, मीही नाही. तात्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"सर, तुमी मोठे विद्वान. मला एवढंच सांगा, ह्यात मालक कोन हाय?"

"कुणी नाही तात्यासाहेब. साधी जनावरांची गोष्ट आहे."

"आन् गोऱ्हा?"

"गोऱ्हा म्हणजे गोऱ्हा. पोळा जवळ आला होता, पोरीनं बैलांवर लिहिलं."

भिंतीजवळचा एक कार्यकर्ता म्हणाला, "आमाला काय येडं समजता का सर? पोरं वर्गात काय शिकत्यात ते समदं ठावं हाय आमाला. गोष्टीच्या आत गोष्ट असती म्हनं!"

तात्यांनी त्याला हातानं गप्प केलं आणि शीतलकडं बघितलं. "तू लिव्हलंस का गं? कुनी सांगितलं लिव्हायला?"

ती खाली बघत राहिली. मी घाईघाईनं म्हणालो, "बाळ, सांग ना साहेबांना. याला काही अर्थ नाही ना? नुसती बैलांची गोष्ट आहे ना?"

तिनं मान वर केली आणि तात्यांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "न्हाई सर. काईच अर्थ न्हाई."

"झालं तर मग," तात्या म्हणाले. "पुन्यांदा असं काय लावू नका. जावा."

बाहेर आल्यावर मी सुटलो. शीतलला म्हणालो, "वाचलो बघ." ती सरळ वर्गाकडं निघून गेली. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो होतो की चांगल्या गोष्टीला अर्थ असतो, तो शोधा. आणि त्या दिवशी तिच्याच गोष्टीला अर्थ नाही, असं मी तिच्याच तोंडून वदवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी शीतल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. माझी भीती आता दुसरीकडून आली. तात्यांच्या माणसांनी तिला वाटेत काही केलं असेल का? वस्तीच्या वाटेला दोन किलोमीटर माणूस दिसत नाही. मोटारसायकल दारावरून हळू गेली तरी मी उठून बघायचो. बायको म्हणाली, "जाऊन या ना एकदा वस्तीवर." मी म्हणालो, आज जाईन, उद्या जाईन. गेलो नाही. तिथं काय ऐकायला मिळेल, याचीच धास्ती होती.

आमच्याकडं इतिहास शिकवायला सय्यद मॅडम होत्या. आष्टीच्या. वडील फळं विकायचे. बोलायला सरळ, समोरच्याचं तोंड बघून शब्द बदलायच्या नाहीत. एक दिवस त्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या.

"सर, त्या मुलीची मूळ वही आहे का तुमच्याकडे? सगळं गाव ती गोष्ट वाचून हसलं, मला काही हसू आलं नाही. लग्नाची वाटते मला ती."

वह्या कपाटातच होत्या. मी शीतलची वही काढून दिली. त्यांनी गोष्ट वाचली, पुन्हा वाचली, आणि वही माझ्याकडं फिरवून एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द मी लाल शाईनं खोडला होता. वर माझ्या अक्षरात 'गोऱ्हा' लिहिलं होतं. खाली, खोडलेला, शीतलचा शब्द होता: 'कालवड'.

"हे तुम्ही बदललं?"

"हो. चुकलं होतं तिचं. कालवडीला कुणी जुंपतं का?"

माझं मलाच ऐकू आलं आणि मी वही पुन्हा हातात घेतली. कालवड म्हणजे गाईचं मादी वासरू. तिला औताला धरत नाहीत, हे वस्तीवर वाढलेल्या मुलीला माहीत नसेल? तिनं सगळीकडं 'कालवड' लिहिलं होतं, शेवटी 'म्हणाली' असं लिहिलं होतं, आणि मी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ ओढून 'गोऱ्हा' आणि 'म्हणाला' करून टाकलं होतं. खांद्याला हळद, वाजंत्री, बघायला आलेलं गाव. सगळं समोर होतं. 'तात्यांचं गोऱ्हं' मीच तयार केलं होतं.

"सर," सय्यद मॅडम म्हणाल्या, "तिनं हे तुमच्यासाठी लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगता येत नसेल म्हणून."

त्याच दुपारी आम्ही दोघं त्यांच्या स्कूटीवरून वस्तीवर गेलो. घरापुढं सारवण चाललं होतं. शीतलचे वडील, महादेव, पायऱ्यांवर बसले होते. आम्हाला बघून ते उठले आणि बाज टाकली. शीतल कुठं दिसली नाही. मी तब्येतीची चौकशी करायला आलो, असं काहीतरी बोललो. सय्यद मॅडमनी सरळ विचारलं, "लग्न कधी आहे?"

महादेवांनी एकदा दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "ऐतवारी."

तो गुरुवार होता. नवरा मुलगा तोडणीच्याच टोळीतला, तिशीचा. त्याची बायको आदल्या साली वारली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही. जोडीतलं एक गेलं होतं आणि काम तोंडावर आलं होतं. शीतलला सोळावं संपायचं होतं.

"महादेवराव, पोरगी हुशार आहे. शिकू द्या," मी म्हणालो.

"सर, मला हौस हाय का? आमी सा म्हैने तिकडं. पोरगी वयात आलेली, हितं एकटी. चुलती दिसभर रानात. कुनी हात धरला तर मी कुनाला जाब इचारू? कशी ठिवू तिला हितं?" त्यांचा आवाज बसत गेला. "दिवाळी झाल्यावर, निघायच्या आधी करू म्हनलं होतं. पर तुमीच तिला पुढाऱ्याच्या हापिसात नेली. चार बाप्यांत उभी केली. वस्तीवर समद्यांना कळलं. तवाच ठरवलं, मुहूर्त नसला तरी आता एक दिस बी ठिवायची न्हाई."

दाराच्या आत पदर हलला. शीतलची आई असावी.

परत येताना सय्यद मॅडमनी गावाबाहेर स्कूटी थांबवली. म्हणाल्या, "ग्रामसेवकाकडं लेखी अर्ज द्यावा लागेल. कायद्यानं लग्न थांबवायचं काम त्याचं आहे. पण टोळीचा मुकादम तात्यांचा माणूस आहे. ग्रामसेवक आधी तात्यांना फोन करणार. तुम्ही आधी जाऊन तात्यांना सांगा."

"काय सांगू?"

"खरं काय ते."

शुक्रवारी सकाळी मी एकटा गेलो. रस्ता ओलांडायच्या आधी दोनदा परत फिरलो. तात्यासाहेब एकटेच पेपर वाचत होते, पण घाबरायला मला गर्दीची गरज नव्हती. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वही उघडून खोडलेला शब्द दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"मंजी मी न्हाईच ह्यात?"

"नाही."

"मग त्या दिशी अर्थ न्हाई म्हनला ते?"

"भ्यालो होतो तात्यासाहेब. आणि मला तेव्हा कळलाही नव्हता."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग अनपेक्षित बोलले. "सर, पोरगं माजं सभेला जायच्या आधी उलट्या करतंय. त्याची आय मला बोलत न्हाई. गाव हसलं ते काय खोटं हसलं न्हाई." वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. मला वाटलं, आता फोन उचलतील. त्यांनी उचलला नाही. "ह्या लग्नात मी पडनार न्हाई. ती मानसं माज्या मतातली हायती. तुमी अर्ज द्या. ग्रामसेवकानं मला इचारलं तर मी अडवनार न्हाई. एवढंच."

तेवढ्यावर मी निघालो. अर्जावर पहिली सही माझी, दुसरी सय्यद मॅडमची. अर्ज ग्रामसेवकाच्या हातात दिला.

रविवारी सकाळी ग्रामसेवक, दोन पोलीस आणि आम्ही दोघं वस्तीवर पोचलो तेव्हा मांडवात पंगत बसायच्या बेतात होती. हलगी वाजत होती. पोलिसांना बघून ती थांबली. नवऱ्याकडचे दोघे-तिघे अंगावर आले. एकजण सय्यद मॅडमना नको ते बोलला, त्यांच्या जातीवरून, धर्मावरून. त्या जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांच्या मागं उभा होतो. पुढं जायला हवं होतं. एक दगड आला आणि ग्रामसेवकाच्या गाडीची काच फुटली. शीतलच्या आईनं माझ्याकडं बघून बोटं मोडली आणि म्हणाली, "माझ्या लेकराचं वाटुळं केलं मास्तर तुमी." महादेवांनी पोलिसांच्या कागदावर अंगठा उठवला, अठरा पुरे होईपर्यंत लग्न करणार नाही म्हणून. सही येत असून त्यांनी अंगठा उठवला. हळद लागलेली शीतल दारात उभी होती. ती रडत नव्हती. आमच्याकडं आलीही नाही.

सगळं चांगलं झालं असं वाचकांना वाटू नये. दिवाळीनंतर महादेव तिला इथं ठेवायला तयार झाले नाहीत. टोळीबरोबर तिला घेऊन गेले. तो हंगाम तिनं आईच्या मागं मोळ्या बांधल्या. अकरावीची परीक्षा गेली. त्या सहा महिन्यांत मी कितीदा मनाशी म्हणालो असेन, लग्न थांबवून आपण तिला शेवटी उसातच ढकललं. माझ्या निवृत्तीच्या कागदांवर तात्यांनी सही केली. त्यांचा मुलगा निवडणुकीला उभा राहिला नाही. त्याचं कारण मला माहीत नाही.

उन्हाळ्यात टोळी परतली. सय्यद मॅडम वस्तीवर जात राहिल्या. पहिल्या खेपेला कुणी पाणी विचारलं नाही, तिसऱ्या खेपेला शीतलच्या आईनं चहा केला. जूनमध्ये महादेवांनी पोरीला बीडच्या वसतिगृहात ठेवलं. तिनं अकरावी पुन्हा केली आणि यंदा ती बारावी पास झाली.

निकालानंतर ती माझ्या घरी आली. उंच झाली होती, बोटांवर उसाच्या पात्यांचे जुने व्रण होते. बायकोनं तिला पोहे दिले. मी ठरवून ठेवलं होतं की कधी भेटली तर माफी मागायची. पण सुरुवात कशी करावी ते सुचेना, आणि तीच बोलली.

"सर, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"त्या दिशी तात्यांच्या हापिसात मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं आता तुमी सांगाल. तुमाला तवा कळलं होतं का, त्यात मी हाय म्हनून?"

खोटं बोलून मोठं होता आलं असतं. पण तिच्यासमोर एकदा खोटं बोलून झालं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मला काहीच कळलं नव्हतं. मराठीचा मास्तर, आणि मला कळलं नाही."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. ती हसली, बहुधा पहिल्यांदाच माझ्यासमोर.

"मग बरं झालं सर. इतके दिवस मला वाटायचं, तुमाला समदं कळलं होतं, आन् कळून तुमी गप बसला."

ती पोहे संपवून, पाया पडून गेली. तिचं समाधान झालं होतं. मी मात्र दुपारभर तिथंच बसून राहिलो. कारण तिनं दुसरा प्रश्न विचारला नव्हता, आणि तो मला चुकवता येत नाही. त्या दिवशी कळलं असतं, तर त्या पाच-सहा माणसांसमोर मी बोललो असतो का?